गाडी तुमचीच आहे

अमरावती, अंबागेट
मंगळवार, संध्याकाळ

प्रिय रमे,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मी त्यावर नुसतं एक कार्ड खरडून टाकलं, म्हणून तू रागावली आहेस. ‘अक्का, तू इतकी कोरडी कधीपासून झालीस?’ असं तू विचारलंस. कोरडी झाले नाही ग. रोज लिहायला बसायची. तुझ्या अनूच्या खोकल्याची चौकशी लिहायची, तिला अडुळशाचा रस मधातून देत जा असं लिहायची, आणि पुढं लेखणी चालेनाशी व्हायची. कारण त्यानंतर वसंतरावांची खुशाली विचारावी लागणार, आणि त्यांच्या नावापुढं काय लिहावं तेच मला कळत नव्हतं. आजही नीट कळलं आहे असं नाही. पण आज लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. जसं आठवेल तसं लिहिते, थोडं मागंपुढं होईल. तू सगळं शेवटपर्यंत वाच. मध्येच चुरगाळून टाकू नकोस.

वसंतरावांनी आपल्यासाठी काय केलं ते आधी लिहिते, म्हणजे अक्का ते विसरली असं तुला वाटायला नको. तुमचं लग्न नुसतं ठरलं होतं. आई परतवाड्याला मामांकडे गेली आणि तिथं तिला न्यूमोनियानं गाठलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अमरावतीच्या दवाखान्यात हलवा. बैलगाडीत घातली असती तर वाटेतच गेली असती, आणि सर्व्हिस मोटरवाले इतकं आजारी माणूस घ्यायला तयार होईनात. मामांनी अकोल्याला तार केली. वसंतराव स्वतः मोटर हाकत आले. तेव्हा ते अजून आपले कोणी नव्हते. त्यांनी आईला गादीसकट उचलून मागच्या बाकावर ठेवलं, मला तिचं डोकं मांडीवर धरायला सांगितलं, आणि तिला धक्का बसू नये म्हणून मोटर इतकी सावकाश चालवली की कापसाच्या बैलगाड्या आम्हाला मागं टाकून पुढं जात होत्या. गाडीवान हसत होते. वसंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आई त्यानंतर वर्षभर जगली, तुझं लग्न तिनं डोळ्यांनी पाहिलं. ‘अनसूये, रमेला माणूस मिळाला,’ असं ती येईल त्याच्याजवळ सांगायची. वडील गेलेले, मी विधवा मास्तरीण, तुझं स्थळ माझ्याच भरवशावर ठरलेलं. आईच्या त्या शब्दांनी मला केवढा धीर आला होता.

आता अब्दुल रहीम यांच्याबद्दल. तू त्यांना पाहिलं आहेस. आमच्या शाळेच्या मुलींना ने-आण करणारा पडद्याचा टांगा त्यांचा. शिवाय आणखी टांगे आणि एक शिग्राम, ती मोठी बंद घोडागाडी, परतवाड्याच्या रस्त्यावर चालायची. बापाच्या वेळेपासूनचा धंदा. मग त्या रस्त्यावर मोटरी सुरू झाल्या. टांगा वलगाव सोडून पुढं लागेपर्यंत मोटर परतवाड्याच्या बाजारात उभी. गिऱ्हाईक तुटत गेलं, घोडी उभ्यानं चारा खाऊ लागली. शेवटी रहीमभाईंनी मनाशी घेतलं की आपणही मोटरच घ्यायची. त्यांची बायको आमिना आमच्या शाळेच्या मुलींची पोलकी शिवते, तेवढ्यासाठी माझ्याकडे येणंजाणं. ती एक दिवस म्हणाली की बाजारात मोटर विकणारे पुष्कळ आहेत, पण कोण कसा ते कळत नाही. तुमचे जावई अकोल्यात एका कंपनीसाठी तेच काम करतात, त्यांच्याकडून घेतली तर मनाला घोर राहणार नाही. मी वसंतरावांना पत्र टाकलं. ते आनंदानं आले. आपल्या माणसाला चार पैसे मिळतील आणि रहीमभाईंचंही भलं होईल, असा माझा सरळ हिशेब होता.

सौदा माझ्याच बैठकीत झाला. वसंतराव आणि रहीमभाई सतरंजीवर बसले होते, मी आतल्या दारात उभी होते आणि माझ्या मागं पडद्याआड आमिना. कागद इंग्रजी, टाइप केलेला. माझं शिक्षण मराठी सातवी आणि ट्रेनिंग, रहीमभाईंना उर्दू वाचता येतं. वसंतराव एकेका कलमावर बोट ठेवून हिंदीत अर्थ सांगत गेले. पहिली मोठी रक्कम आज द्यायची, बाकीची महिन्याच्या हप्त्यानं फेडायची, आणि गाडी आजपासून तुमची. तेवढ्यात आमिनानं मागून माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाली, ‘बाई, त्याईले इचारा ना, एखांदा हप्ता मांगं पडला तं मोटर घेऊन जातीन काय?’ परक्या पुरुषासमोर ती बोलत नसे, म्हणून तिचा प्रश्न मी मोठ्यानं विचारला. वसंतराव हसले. मला म्हणाले, ‘अक्का, मोटर म्हणजे काय कोंबडी आहे, कोणीही बगलेत मारून न्यायला? उशीर होणार असेल तर मला एक कार्ड टाकायचं.’ आणि मग रहीमभाईंकडे वळून म्हणाले, ‘गाडी तुमचीच आहे.’ आम्ही सगळेच हसलो. रहीमभाईंनी सही केली. नंतर मी आत जाऊन चहा केला.

त्या मोटरचं काय कौतुक झालं म्हणून सांगू. टांगे विकून पहिली रक्कम भरली होती, शिग्राम मोडली होती. त्या शिग्रामची पितळी मूठ रहीमभाईंनी मोटरच्या मागच्या पायरीजवळ ठोकून घेतली, म्हाताऱ्या बायकांना धरून चढता यावं म्हणून. कधीकाळी घोडीच्या लाथेनं ती मूठ एका बाजूनं चेपली होती, ती तशीच बसवली. शाळेवरून मोटर गेली की ते मुलींसाठी भोंगा वाजवायचे आणि मला वर्ग आवरता आवरता पुरेवाट व्हायची. मी स्वतः त्या मोटरनं मामांकडे जाऊन आले. माझ्याकडून त्यांनी तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. मी देऊ केले तर म्हणाले, ‘बाई, तुमच्यामुळंच तं आली हे मोटर.’

पावसाळा सरला आणि मोटर तापायला लागली. नवी मोटर इतक्यात का तापते, हे कोणालाच सांगता येईना. मग एक दिवस आसेगावच्या पुढं तिचा अ‍ॅक्सल मोडला. वसंतराव म्हणाले, आमच्याच कारखान्यात अकोल्याला पाठवा, बाहेरच्या माणसाचा हात लागला तर कंपनी जबाबदारी घेणार नाही. बैलांनी ओढत स्टेशनवर नेली, तिथून रेल्वेनं अकोल्याला. कारखान्यानं ती ठेवून घेतली. आज देतो, उद्या देतो. मोटर घरी नाही तर हप्ता कुठून भरायचा? रहीमभाई माझ्याकडे आले, म्हणाले, वसंतसाहेबांनी सांगितल्याप्रमाणं एक कार्ड लिहून द्या. मी दिलं लिहून. उत्तर आलं नाही. आम्ही समजलो, काही हरकत नसेल म्हणूनच आलं नाही. पुढं मोटर सुटून आली, चालूही झाली. आणि परतवाड्याच्या बाजारादिवशी, माणसं बसलेली, टपावर बोचकी बांधलेली, अशा वेळी कंपनीची माणसं आपला ड्रायव्हर घेऊन आली आणि सगळ्यांना खाली उतरवून मोटर घेऊन गेली. एक म्हातारी उतरेना, ती म्हणत होती मी पैसे दिले आहेत. तिला दंडाला धरून उतरवलं. रहीमभाईंनी सगळ्यांचे पैसे तिथंच उभ्यानं परत केले आणि पायी निघाले. वाटेत कोणाच्या बैलगाडीत बसले, पुन्हा चालले, असे करत घरी आले.

वसंतराव लगेचच्या रविवारी माझ्याकडे आले होते, हे तुला ठाऊक नसेल. मी विचारायच्या आधीच त्यांनी समजावून सांगितलं. कागदाप्रमाणं मोटर विकलेलीच नव्हती, भाड्यानं दिलेली होती. शेवटचा हप्ता फिटला की मग ती विकत दिली असं धरायचं. मध्ये एक हप्ता चुकला की करार संपला, मोटर कंपनीची, आणि तोवर भरलेलं सगळं भाड्यात गेलं. मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत मोटरी अशाच विकतात, म्हणाले, नाहीतर गरिबाला मोटर मिळणार कशी? ते बोलत होते तोवर मला सगळं पटत होतं. मी मानही हलवली. रहीमभाईंनी सहीच्या आधी नीट विचारून घ्यायला हवं होतं, असं ते म्हणाले तेव्हाही मी मान हलवली. ते गेले, मी ताटं उचलली, आणि ताटं उचलता उचलता मला आठवलं की विचारलं होतं. मीच विचारलं होतं.

मग माझ्या मनाचा जो गोंधळ सुरू झाला तो काही संपेना. वाटायचं, वसंतरावांना तरी तो कागद पुरता कळला होता का? इंग्रजी येतं म्हणून कायद्याचं इंग्रजी येतंच असं नाही. कंपनीनं त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी पुढं सांगितलं असेल. आईला तशी जपून आणणारा माणूस, तो दुसऱ्याच्या बायकोच्या प्रश्नाला हसत हसत खोटं उत्तर देईल का? मग कार्डाला उत्तर का दिलं नाही? कदाचित कार्ड मिळालंच नसेल. मिळालं नसेल तर मग मी विचारलं तेव्हा ‘कार्ड? हो, आलं होतं की’ असं का म्हणाले? शाळेत मी मुलींची हजेरी घ्यायची आणि कोणाची घेतली कोणाची राहिली ते कळायचं नाही. आमिना पोलकी घेऊन यायची, बसून काजं करायची, जायची. रहीमभाई दुसऱ्याचा टांगा रोजानं हाकायला लागले होते. आमच्या मुलींसाठी येणारा टांगाही आता दुसऱ्याचा, तो हाकणारे मात्र रहीमभाईच.

माघात मला चांदूर रेल्वेला जावं लागलं, तिथल्या मुलींच्या शाळेची परीक्षा घ्यायला. दुसऱ्या दिवशी कुऱ्ह्याच्या शाळेत जायचं होतं. स्टेशनाबाहेर मोटर उभी होती, हिरवीगार, रंगाचा वास अजून येत होता, पुढं झेंडूची माळ. मी चढायला मागं गेले, हात वर केला आणि पितळी मूठ धरली. ती एका बाजूनं चेपलेली होती.

रमे, मी तिथंच पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिले. मागची माणसं चला म्हणत होती. मोटरचे मालक खुशालराव म्हणून आहेत, तिकडचे शेतकरी, भला माणूस. मी मास्तरीण म्हणून त्यांनी मला पुढं आपल्याशेजारी बसवलं. मोटर कुठली म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, ‘नवी कोरी हाये बाई. अकोल्याहून आनली, संक्रांतीले.’ हप्त्यानं घेतली का, विचारलं. हो म्हणाले. हप्ता चुकला तर काय, विचारलं. तर हसून म्हणाले, ‘एजंट सायेब लय चांगले हायेत. म्हनले, उशीर झाला तं कारड टाका, मोटर कोनी कोंबडीवानी नेते काय?’ मी एजंटाचं नाव विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, आणि हिंमतही नव्हती. कुऱ्ह्याला उतरताना मात्र मी खुशालरावांना बाजूला घेतलं आणि एवढंच सांगितलं की तुमचा कागद एखाद्या वकिलाकडून वाचून घ्या. ते माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी त्यांच्या घरात अपशकुन केला.

रहीमभाईंच्या वेळी वसंतरावांना कागदाचा अर्थ माहीत नसेल, असं मी धरलं होतं. पण मोटर ओढून नेल्यावर तर माहीत झाला होता ना? माझ्याच बैठकीत बसून त्यांनी तो मला समजावला होता. त्यानंतर संक्रांतीला त्यांनी खुशालरावांना तेच उत्तर दिलं, तोच कोंबडीचा विनोद करून. आणि जुनी मोटर रंग देऊन नवी म्हणून दिली. मग रहीमभाईंना दिलेली तरी नवी होती का? कोणाच्या दारातून ओढून आणलेली होती, कोण जाणे. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी परतीच्या गाडीत मी त्यांच्यासाठी नव्या नव्या सबबी शोधत होते. कंपनीनं दटावलं असेल. कमिशनवर घर चालतं, अनूचं दूध, तुझं औषध. माणूस एकीकडे चांगला आणि एकीकडे असा, हे कसं असतं ग? दोन्ही वसंतराव मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यातले खरे कोणते म्हणू?

चांदूरहून आल्यावर कमलाकांत वकील माझ्याकडे आले. रहीमभाईंनी कंपनीवर आणि वसंतरावांवर दावा लावला होता, तो ते चालवत होते. बिचाऱ्यांनी फार संकोचानं विषय काढला. म्हणाले, लेखी कराराविरुद्ध तोंडी बोलणं कोर्ट सहसा ऐकत नाही, पण उलटा अर्थ सांगून सही घेतली असेल तर ऐकतं. मात्र तो अर्थ सांगितला तेव्हा हजर असलेलं कोणीतरी पाहिजे. रहीमभाई स्वतः वादी, आमिना त्यांची बायको. उरले मी. आणि मी तर प्रतिवादीची मेहुणी, म्हणून माझ्या शब्दाला जास्त वजन, असं ते म्हणाले. मी त्यांना विचार करून सांगते म्हटलं. ते गेल्यावर आमिना आली. मला वाटलं, आता ही पदर पसरेल. तिनं अनूसाठी शिवलेलं झबलं पुढं ठेवलं आणि म्हणाली, ‘बाई, तुमच्या बहिनीचं घर हाये ते. तुमी जे करान ते समजून करा. आमी तुमाले बोल लावनार नाई.’ तिनं हट्ट धरला असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्या झबल्याला कितीतरी वेळ नुसती घडी घालत राहिले.

आणि गेल्या शनिवारी वसंतराव आले. तुला काय सांगून निघाले मला माहीत नाही. येताना माझ्यासाठी संत्री आणली, बैठकीच्या खिडकीची कडी कधीची निघाली होती ती बसवून दिली, जेवताना आमटीची तारीफ केली. हात धुताना म्हणाले, ‘अक्का, खोटं बोला असं मी तुम्हाला कधी म्हणणार नाही. तुम्ही आत चहा करत होता, एवढंच म्हणा. चहा तर तुम्ही केलाच होता.’ इतकं साधं बोलले, की मला खरंच वाटायला लागलं, चहा मी आधी केला की नंतर? मी आत होते की दारात? सबंध रविवार मी शाळेचा अभ्यास तपासायच्या ऐवजी बैठकीत जाऊन दारात उभी राहत होते. इथं उभी होते, इथून त्यांचं बोट कागदावर फिरताना दिसत होतं, इथं आमिनानं पदर ओढला. मग स्वयंपाकघरात जायची. तिथून बैठकीतलं काही ऐकू येतं का ते पाहायची. ऐकू येत नाही. मग मी त्यांचं ते हसणं ऐकलं कसं? अशी मी वेड्यासारखी घरात येरझाऱ्या घालत होते, आणि शेवटी दारातच खाली बसले. मी दारातच होते, रमे.

आज सकाळी मी कोर्टात साक्ष दिली. हो, दिली. वसंतराव समोरच्या बाकावर बसले होते, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. जे झालं ते झालं तसं सांगितलं, प्रश्न मी कोणाच्या वतीनं विचारला, त्यांनी काय उत्तर दिलं, मी चहा केव्हा केला. कंपनीचा वकील नागपूरचा, मोठा आवाज. त्यानं विचारलं, तुम्हाला इंग्रजी येतं का? मी नाही म्हटलं. मग कागदात काय लिहिलं आहे हे तुम्हाला काय कळणार? मी म्हटलं, ‘कागदात काय आहे ते मला माहीत नाही. मी काय विचारलं आणि मला काय उत्तर मिळालं, ते माहीत आहे.’ जज्जसाहेबांनी ते शब्द लिहून घेतले. माझा आवाज, कसा कोण जाणे, वर्गात निघतो तसाच निघाला. खाली उतरले तर मागच्या रांगेत खुशालराव बसलेले दिसले, मांडीवर फेटा, शेजारी त्यांचा मुनीम. मी उतरताच ते उठून कमलाकांतांकडे गेले. निकाल पुढच्या तारखेला आहे. रहीमभाईंना मोटर किंवा पैसे मिळतील, असं कमलाकांतांना वाटतं. आमिना बाहेर लिंबाखाली बसली होती. माझ्याकडे पाहून ती नुसती उभी राहिली.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. कोर्टाबाहेर कंपनीचा माणूस वसंतरावांना कोपऱ्यात घेऊन काहीतरी कडक बोलला, आणि मग ते माझ्याकडे आले. मला वाटलं आता तोंड फिरवतील. त्यांनी वाकून नमस्कार केला. म्हणाले की ते माझ्यावर रागावलेले नाहीत. कंपनी सगळं त्यांच्या गळ्यात घालते आहे, रहीमभाईंचं आणि खुशालरावांचंही, पण काळजीचं कारण नाही. आईनं अकोल्याच्या जठारपेठेतलं जे घर तुझ्या नावावर केलं, त्यावर कंपनीला एक कागद लिहून दिला की सगळं मिटेल. कागद तयार आहे, त्यांच्या पिशवीत आहे. ‘रमा नाही म्हणायची नाही,’ असं ते म्हणाले, ‘मी समजावून सांगितलं की तिला पटतं.’ रमे, मलाही पटतं. आजही, साक्ष देऊन बाहेर आल्यावरही, ते बोलत होते तोवर मला पटतच होतं. ते आज इथं वकिलाकडे थांबून उद्या दुपारच्या गाडीनं निघतील. कमलाकांतांचा कारकून आजच अकोल्याला जातो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते. तुझ्याच हातात द्यायचं असं त्याला बजावलं आहे. वसंतराव घरी आले की त्यांना गरम पाणी दे, जेवू घाल. ते दमलेले असतील, आणि त्यांच्या मनात तुझं वाईट करायचं आहे असं मी अजूनही म्हणणार नाही, मला ते म्हणता येत नाही. मी त्यांना भर कोर्टात खोटं पाडलं म्हणून तुला माझं तोंड पाहू नये असं वाटलं तर नको पाहूस. सगळा राग माझ्यावर काढ. पण त्या कागदावर सही करू नकोस. शनिवारी शाळा सुटली की मी कमलाकांतांना घेऊन निघते, तू दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसेन. तोवर सही करू नकोस.

तुझीच,
अक्का